रंग न लावता केलेली मावशी

बाबांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाल्याचा फोन माझ्याकडे आला. गावी आमच्या वाडीत रेंज धड मिळत नाही, आणि बाबांचा मोबाइल बहुतेक वेळ देव्हाऱ्याशेजारी बंद पडलेला असतो. मी रत्नागिरीत पोस्टात नोकरीला. काउंटरसमोर रांग होती, म्हणून पलीकडचे गृहस्थ काय सांगतायत ते मला आधी नीट कळलंच नाही. लोककला, ज्येष्ठ कलावंत, आयुष्यभराची सेवा असे शब्द कानावर पडत होते. शेवटी ते म्हणाले, "मावशी करणारे ते तुमचेच वडील ना?" तेव्हा कुठे उलगडा झाला.

संगमेश्वर तालुक्यात आमचं गाव. शिमग्यात आमच्याकडे नमन होतं. देवाची पालखी घरोघरी फिरून झाली की अंगणात मृदंग वाजतो आणि खेळे, म्हणजे नमनात सोंगं घेणारे, उभे राहतात. त्यात आधी गण, मग गवळण. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर एक म्हातारी असते, ती मावशी. कृष्ण वाट अडवतो आणि मावशी त्याच्याशी भांडते. लोक खरे येतात ते तिच्यासाठी. बायकांची कामं पुरुषच करतात. बाबा तरुणपणी राधा करायचे, पुढे गाल बसले तसे मावशीवर आले आणि मग मरेपर्यंत मावशीच करणार असं सगळे धरून चालले होते. नमनाचे खेळ पार देवरूख, लांजा, राजापुरापर्यंत व्हायचे. मुंबईकरांनी बोलावलं की मुंबईतही. पंचक्रोशीत बाबांना नावाने कुणी हाक मारत नसे. एसटीचा कंडक्टरसुद्धा म्हणायचा, "मावशी, पुढं सरका."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आये पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिला आषाढात रत्नागिरीला आणली होती. पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी घरात कुणाला बोलले नव्हते, पण आयेला ते माझ्या तोंडावरून कधीच कळलं असावं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"आये, बाबांना मोठं बक्षीस मिळालंय. जीवनगौरव."

"म्हणजे काय गो?"

"आयुष्यभर काम केलं, त्याचं."

"कसलं काम? शेतीचं?"

"नाही गो. मावशीचं."

आये हसायला लागली. हसताना दुखायचं तिला, म्हणून पोटावर उशी दाबून धरून हसत राहिली. "मग माझ्या लुगड्यांना द्या म्हणावं बक्षीस," ती म्हणाली. "कामा सगळी त्यांनीच केलीन."

ते खोटं नव्हतं. मावशीला लागणारं लुगडं आयेचंच असायचं. नमनाच्या मंडळाची पेटी होती, त्यात राधेचे आणि कृष्णाचे कपडे होते, पण मावशीचं लुगडं बाबा कधी त्या पेटीतलं नेसले नाहीत. परत यायचं ते पदराला रंग, काजळ, घाम आणि विड्यांचा वास घेऊन. आये ते ओढ्यावर नेऊन दगडावर असं आपटायची की पलीकडच्या वाडीत कळावं, मावशी काल रात्री कुठेतरी नाचून आली. तोंडाने पुटपुटत असायची. पण पुढच्या खेळाला दुसरं धुतलेलं लुगडं घडी करून बाबांच्या पिशवीत घातलेलं असे. मागावं लागायचं नाही.

मला लहानपणी त्याची लाज वाटायची. शाळेत पोरं मला "मावशीची पोर" म्हणायची. एकदा मी रडत घरी आले नि म्हटलं, बाबांना राजाचं काम करायला सांग. आये चुलीपुढे होती. म्हणाली, "राजे गावात ढीगभर आहेत. मावशी होऊन दाखव म्हणावं कुणालाही." मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

पुरस्काराचं सांगायला मी भावाला मुंबईला फोन केला आणि बाबांना शेजाऱ्यांकडून निरोप धाडला. दोन-तीन दिवसांनी बाबा आले. गावी बैल, गाय, भाताची लावणी सगळं त्यांच्या एकट्याच्या अंगावर, त्यामुळे ते आयेपाशी फार दिवस राहू शकत नसत. येताना अळूची पानं, अंगणातली काकडी असं काहीबाही आणायचे आणि आयेच्या पायाशी बसायचे. फार बोलायचे नाहीत. स्टेजवर दीड तास पब्लिकला पोट धरून हसवणारा हा माणूस घरात चार शब्द बोलला तर नवल.

"जायाचं काय?" त्यांनी आयेला विचारलं.

"जायाचं तर. नि नवीन धोतर घ्या. त्या जुन्यावर काजूचा डाग आहे."

"बरं."

"मी पण येतंय. पुढच्या लायनीत बसून बगेन एकदा. कधी पुढं बसून बगितलं नाय."

तेही खरं होतं. खेळे आमच्या गावात असले की जेवण आमच्या घरी. आये आणि चुलत्या भाकऱ्या थापत असायच्या. गवळण सुरू झाली की हाताचं पीठ तसंच घेऊन आये दारात यायची, माणसांच्या डोक्यांवरून जे दिसेल ते बघायची, आणि मावशी आत गेली की परत चुलीकडे. आमच्या अंगणातला खेळ तिने असा तुकड्या-तुकड्यांनी बघितला होता.

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "ये की."

ती पुढच्या लायनीत बसायला राहिली नाही. दसरा झाला, भातं कापणीला आली आणि आयेने अन्न सोडलं. "मना घरी न्या," एवढंच म्हणत होती. आम्ही तिला गाडीत आडवी घालून गावी नेली. ओटीवर खाट टाकली, तिथून तिला खळ्यातलं भात दिसायचं. एका दुपारी बाबा भारे वाहून आणत होते, मी तिच्या ओठांना कापसाने पाणी लावत होते, आणि ती गेली. बाबा डोक्यावर भारा घेऊन अंगणात आले तेव्हा मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भारा सावकाश खाली ठेवला, टॉवेलने तोंड पुसलं आणि मग आत गेले.

तेराव्यानंतर बायकांनी तिची लुगडी वाटायला काढली. आमच्यात पद्धत आहे, गेलेल्या बाईची लुगडी भावकीतल्या बायकांना द्यायची. घड्या सुटत होत्या, आणि प्रत्येक लुगड्यात कुठे ना कुठे तरी रंगाचा डाग होता. कितीही धुतला तरी न गेलेला. एक चुलती म्हणाली, "ही तर मावशीची लुगडी." मग तिलाच कसंतरी झालं आणि ती घड्या घालायला लागली. बाबा पडवीत पाठ करून बसले होते. मी जाऊन विचारलं, एखादं ठेवू का तुमच्यासाठी? त्यांनी मान हलवली. "मी काय करू? देऊन टाका."

पुरस्काराचा कार्यक्रम पौषात रत्नागिरीतच होता. आता जायचं की नाही यावर घरात बोलणं झालं. आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, आणि खेळ्याने तर तोंडाला रंग लावायचाच नाही. भाऊ मुंबईहून म्हणाला, कशाला जाता, त्यांना सांगू की पाठवून द्या. थोरले चुलते, जे नमनात मृदंग वाजवतात, ते म्हणाले, "सत्कार घ्यायला हरकत नाय. सत्कार म्हणजे काय सण नाय. रंग लावू नको म्हणजे झालं." शेवटी बाबा स्वतःच म्हणाले, "ती बोललीन ना जायाचं म्हणून."

मी संयोजकांना फोन करून सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, कळतं आम्हाला. फक्त येऊन शाल-श्रीफळ घेऊ देत. दोन शब्द बोलले तर आनंद, नाहीतर नाही."

नवीन धोतर मी घेतलं. बाबा चुलत्यांबरोबर सकाळच्या एसटीने आले, तेव्हा दाढी गावीच करून आले होते आणि गालाला ब्लेड लागलं होतं. जेवायला बसले पण दोन घास खाऊन उठले. चुलते म्हणाले, "खेळाच्या दिवशी हा असाच." मग त्यांच्या लक्षात आलं की आज खेळ नाही.

नाट्यगृह भरलं होतं. स्टेजवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पाच-सहा ज्येष्ठ कलावंत बसले होते. बाबांच्या शेजारी एक आजी होत्या. पूर्वी नाटक कंपन्यांत काम करायच्या, पुढे गावोगावच्या हौशी मंडळांच्या नाटकांत नायिका म्हणून जायच्या. त्यांना दिसत नव्हतं. नात त्यांना हाताला धरून आत घेऊन आली होती. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या आणि टाळ्या जिकडून येत होत्या तिकडे बरोबर वळून त्यांनी नमस्कार केला. तो नमस्कार इतका देखणा होता की माझ्या शेजारची बाई "अगो बाई" म्हणाली. माइकवर त्या एवढंच म्हणाल्या, "फार उशिरा बोलावलंत. हे बघायला ज्यांना आणायचं होतं, त्यांतलं कुणी राहिलं नाही." टाळ्या वाजल्या, पण थोड्या अवघडून.

मी पुढच्या रांगेत होते. माझ्या एका बाजूला चुलते आणि दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी. तिथे कुणी बसायला आलं की चुलते म्हणायचे, "येणार आहे माणूस." का म्हणत होते कोण जाणे.

मग बाबांचं नाव घेतलं. नाव ऐकून सभागृह शांत होतं, आणि निवेदिका पुढे म्हणाली, "म्हणजेच तुमची आमची लाडकी मावशी!" तेव्हा मागून शिट्ट्या, आरोळ्या. संगमेश्वरची बरीच माणसं आली होती. बाबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ आणि सन्मानचिन्ह दिलं आणि त्यांना माइकपुढे उभं केलं.

बाबा उभे राहिले. माइककडे बघत राहिले. आयुष्यभर ते स्टेजवर बोलले होते, पण स्वतः म्हणून कधीच नाही. "मी," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा "मी" म्हणाले. मला वाटलं आता उठून त्यांना खाली आणावं. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, होऊन जाऊ दे!"

बाबांनी नारळ आणि ते सन्मानचिन्ह खाली जमिनीवर ठेवलं. खांद्यावरची शाल सोडवली आणि डोक्यावरून पदर घेतला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तोंडाला रंग नाही, कपाळाला कुंकू नाही, गालावर ब्लेडची लाल रेघ, अंगात पांढरा सदरा. पण पाठ जरा वाकली, डावा हात कमरेवर गेला आणि मावशी उभी राहिली. "काय रे मेल्या किसना," ती म्हणाली, "वाट आडवतोस? आवशीला सांगू तुझ्या?" लोक हसले. मग ती काही बोलायच्या आधी दोन बोटांनी ओठांचे कोपरे पुसायला लागली. तशीच थांबली, मान एका बाजूला कलती करून समोरच्याकडे बघितलं आणि मग बोलली.

हे ओठ पुसणं, ही मान. बोलण्याच्या आधी नेमकी तेवढीच थांबण्याची ती सवय. ही आये होती. मी ही मावशी किती वेळा बघितली असेल, पाळण्यात होते तेव्हापासून. आणि आये तर रोज डोळ्यांपुढे. पण दोघी घरात एकाच वेळी होत्या, तोवर मला कधी दिसलं नव्हतं. आता एक नव्हती म्हणून दुसरीत दिसत होती. पदर खोचण्याची रीत तीच. रागावल्यावर पायाचा अंगठा जमिनीवर घासायची तोही तसाच. मागे सगळं सभागृह खदखदून हसत होतं. चुलत्यांचे हात मांडीवर मृदंगासारखे हलत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मावशी कृष्णाशी भांडली, तिने पेंद्याला शिव्या घातल्या, दुधा-दह्याचं रडगाणं गायलं. मग गवळणीत नसलेलं एक वाक्य आलं. बाबांनी कपाळावर आडवा हात धरला, लांब कुठेतरी शेतात बघावं तसं बघितलं आणि हाक मारली, "अवो, येतांव ना जेवायला? भाकरी निवली!"

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं, हाही विनोदच. बाबा तसेच उभे राहिले. हात कपाळावर. कुणाच्या तरी उत्तराची वाट बघावी तसे. हसू हळूहळू थांबलं. मग त्यांनी शाल डोक्यावरून काढली, नीट घडी केली आणि जाऊन खुर्चीवर बसले. नारळ तिथेच राहिला होता. निवेदिकेने तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवा म्हणून लोकांना खूण केली. शेजारच्या आजींनी हात पुढे करून चाचपत बाबांचा हात शोधला आणि धरून ठेवला. कार्यक्रम संपेपर्यंत तो त्यांनी सोडला नाही.

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले आणि भात-आमटी मागून घेतली. मी वाढता वाढता विचारलं, "बाबा, तुम्ही आयेला करता?"

"मग आणि कुणाला करणार?" ते म्हणाले. "बाई एकच ठाऊक होती मला."

"तिला माहीत होतं?"

बाबा जेवायचे थांबले. "पहिल्यांदा बगितलंन तेव्हा घरी येऊन बोलली नाय माझ्याशी. मला वाटलं, आता माहेरी जाते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणते, 'हात कमरेवर डावा ठेवायचा. तुम्ही उजवा ठेवलात. मी उजवा ठेवत नाय.'"

चुलते म्हणाले, "मग दर सालाला काय ना काय सांगायचीच ती."

"सांगायची," बाबा म्हणाले. "म्हातारी झाली तशी चालणं बदललंन तिनं. म्हणायची, आता गुडघा दुखतो, आता मावशीला जरा पाय ओढू दे." त्यांनी भाताला हात लावला, पण घास उचलला नाही. "आता पुढं कशी चालणार ती, कुणाला विचारू?"

चुलते पाणी प्यायले आणि त्यांनी ताट सरकवलं.

त्या शिमग्याला आमच्या घरातून कुणी खेळात उतरलं नाही. वर्ष झाल्यावर मंडळाची माणसं नारळ घेऊन बाबांकडे आली. मुंबईच्या खेळाच्या जाहिरातीत आता "जीवनगौरवप्राप्त" असं छापायचं होतं. बाबांनी त्यांना चहा दिला, सुपारी दिली आणि नाही म्हटलं. त्यांनी खूप गळ घातली. एकजण तर रागावून म्हणाला, एवढा सन्मान मिळाला आणि आता भाव खाता? बाबा म्हणाले, "भाव नाय रे. सरली." काय सरलं ते त्याला कळलं नाही. मग मावशीचं काम दुसऱ्याला दिलं. चांगलं करतो म्हणतात. बाबा एकदा बघायला गेले, गण संपेपर्यंत बसले आणि गवळण सुरू होताना उठून घरी आले.

गावी एकटे किती दिवस राहणार म्हणून गेल्या वर्षी आम्ही त्यांना रत्नागिरीला आणलं. बैल आधीच विकले होते, शेती चुलत्यांच्या मुलांकडे दिली. इथे त्यांचं मन रमत नाही, पण तसं म्हणत नाहीत. सकाळी मला ऑफिसला जायच्या आधी ते भाजी चिरून देतात. त्यांचं बोलणं आणखी कमी झालंय. रविवारी मी त्यांना मांडवीला घेऊन जाते. समुद्राकडे तोंड करून ते कट्ट्यावर बसतात. डोंगरातला माणूस, त्यांना समुद्राचं फारसं कौतुक नाही. होड्या मोजत असतील असं मला वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "काय नाय. आवाज बरा आहे."

मागच्या रविवारी एक माणूस बायको-मुलांसकट समोरून चालला होता, तो थबकला. परत मागे आला. बाबांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "मावशी ना तुम्ही? लहानपणी देवरूखला बघितलंय तुम्हाला. काय हसवलंत!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, हसतील, नमस्कार करतील.

"ती गेली," ते म्हणाले.

माणूस गोंधळला. माझ्याकडे बघून हळूच "सॉरी हां, चुकलं वाटतं" म्हणाला आणि मुलांना घेऊन पुढे गेला. मी त्याला थांबवून खरं सांगणार होते, पण काय सांगावं ते ठरेना. वारा सुटला होता. बाबांनी कानाला टॉवेल गुंडाळला आणि चल म्हणाले. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.